मास्तरीणबाईंची प्रत

मास्तर फ्रीज आणि एसी दुरुस्त करायला शिकवत, म्हणून त्यांना सगळे बर्फमास्तर म्हणत. स्वभाव मात्र असा, की तापल्या तव्यानेही चार हात लांब राहावं. वर्गात कुणी पाना उलटा धरला की फळ्याजवळचा खडू त्याच्या कानाजवळून जायचा. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं पुढे दुकानं काढून, पोटं सुटून मोठी झाली, तरी रस्त्यात मास्तर दिसले की सिगारेट पाठीमागे लपवत. हीच सगळी माणसं मास्तरांच्या बायकोला मास्तरीणबाई म्हणत. बाई कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेल्या नव्हत्या. "नवऱ्याच्या नोकरीतला हुद्दा तेवढा मला मिळाला, पगार त्यांनीच ठेवला," असं त्या सांगत.

मास्तरांच्या दुरुस्तीवरच्या पुस्तकाच्या बाबतीत मात्र हुद्दा खरा होता. मास्तरांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे. ते खोलीत येरझारा घालत बोलत आणि बाई जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत. मध्येच बाई उठल्या की मास्तर कातावायचे.

"इथे वायूचा दाब चढतोय आणि तुला दुधाची पडलीय."

"दुधाचाही चढतोच. ते उतू गेलं की पुसायला तुम्ही येणार आहात का?"

बाईंना कळलं नाही असं वाक्य त्या लिहून घेत नसत. मास्तर म्हणत, "तुला कळून काय करायचंय?" बाई म्हणत, "मला कळलं तर कुणालाही कळेल." मग वाक्य मोडून पुन्हा बांधलं जाई. त्यामुळेच ते पुस्तक कारागिरांच्या हातात टिकलं. या धंद्यातली बाकीची पुस्तकं परक्या भाषेतली आणि इंजिनिअर लोकांसाठी लिहिलेली. हे एकच असं, की ज्याला जेमतेम वाचता येतं त्यालाही वाटावं, मास्तर आपल्या शेजारी उभे राहून ओरडतायत.

पुस्तक छापून आलं आणि मास्तर खरोखरच ओरडले. दुरुस्त केलेल्या यंत्रात गळती आहे का हे बघायला त्याच्या नळ्यांमध्ये दाबाने वायू भरतात. तो नायट्रोजनच असावा लागतो. ऑक्सिजन भरला तर कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी त्याची गाठ पडते आणि स्फोट होतो. हे समजवायला पुस्तकात दोन सिलिंडरची चित्रं शेजारी शेजारी होती, एक काळ्या मानेचा नायट्रोजनचा आणि दुसरा पांढऱ्या मानेचा ऑक्सिजनचा. पहिल्याखाली लिहायचं होतं, 'गळती तपासायला हाच.' दुसऱ्याखाली, 'याला हात लावायचा नाही.' छापखान्यात या दोन ओळींची अदलाबदल झाली होती.

प्रकाशक म्हणाला, "मजकुरात नायट्रोजन असं नीट छापलंय ना? शेवटी शुद्धिपत्र जोडू."

"कारागीर आधी चित्र बघतो, मग वेळ मिळाला तर वाचतो," मास्तर म्हणाले. "आणि शेवटचं पान तुमच्या हिशेबनिसाशिवाय कुणी उघडत नाही."

शेवटी सगळे गठ्ठे घरी आले. बरोबर ओळींच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या, बाईंनी पातेलंभर खळ शिजवली, आणि मास्तर, बाई, शाळकरी लेक आणि हाताला सापडलेले विद्यार्थी असे सगळे जमिनीवर बसून प्रत्येक प्रतीत त्या दोन ओळींवर चिठ्ठ्या चिकटवत राहिले. घरभर ओल्या पिठाचा वास. पलंगावर, खुर्च्यांवर, शिवणयंत्रावर उघडी पुस्तकं वाळत पडलेली. मास्तर रांगांमधून फिरत प्रत्येक चिठ्ठी अंगठ्याने दाबून बघत होते.

एकच प्रत सुटली. पहिल्या गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक मास्तरांनी आधीच बाईंना दिलं होतं आणि आतल्या पानावर लिहिलं होतं, 'जिने हे लिहिलं तिला.' एवढं गोड मास्तर आयुष्यात दुसऱ्यांदा लिहिणार नव्हते, हे बाई ओळखून होत्या. मास्तरांनी त्या प्रतीसाठी हात पुढे केला तेव्हा त्यांनी ती पदराखाली घेतली.

"माझ्या पुस्तकाला खळ लावू नका. मी कुठे सिलिंडर उघडायला चाललेय?"

साऱ्या जगावर डाफरणारे मास्तर त्या एका प्रतीपुरते गप्प बसले. पुस्तक कपाटात गेलं.

पुस्तक खपलं, पुन्हा एकदा निघालं, चित्रांखालच्या ओळींची चूक त्या खेपेला छापतानाच सुधारली, आणि मग प्रकाशकाने ते बंद केलं. मास्तर निवृत्त झाले, खोकू लागले आणि एका हिवाळ्यात गेले. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आपल्या मास्तरांना आठवून रडायला आलेली ही दांडगी माणसं जाताना उंबऱ्याशी घुटमळत आणि एकच गोष्ट विचारत: पुस्तक कुठे मिळेल? आमच्याकडे नवीन माणसं शिकायला येतात. परवान्याची परीक्षा द्यायचीय. मास्तर शिकवायचे त्या संस्थेच्या ग्रंथालयातली प्रत कुणीतरी नेली ती आलीच नाही. जुनी प्रत कुणाकडे निघालीच तर तिची किंमत ऐकून माणूस आल्या पावली परत फिरतो.

बाईंनी प्रकाशकाला फोन केला. तो म्हणाला, पुन्हा छापायचा आता विचार नाही. बरं, मग आम्ही दुसरीकडे छापतो. तेही नाही, कारण सगळे हक्क त्याच्याकडे होते. मास्तरांनी करारावर सही केली होती. पान उलटलं असेल तर सही कुठे करायची ते शोधायलाच.

"म्हणजे तो छापणार नाही आणि दुसऱ्याला छापू देणार नाही," बाई लेकीला म्हणाल्या.

लेक एका शाळेच्या कार्यालयात लेखनिक होती. लग्न मोडून माहेरी परत आल्यापासून घर तिच्याच नोकरीवर चालत होतं. "कायदा तसाच आहे, आई."

"तू स्कॅन करून ग्रुपवर टाकलंस तर?"

"तर चोरी."

"कुणाची? मीच लिहिलं, माझ्याच कपाटात आहे. दुकानात असतं आणि आपण फुकट वाटलं असतं तर मीही चोरीच म्हटलं असतं. दुकानातच नाही तर कुणाचा घास काढून घेतला?"

"असं प्रत्येकाला वाटायला लागलं तर पुस्तकं छापायचं कोण?"

"ज्याला छापायचं नाही त्याच्यासाठी मी कशाला काळजी करू?"

लेकीने बरेच दिवस दाद दिली नाही. मग मास्तरांच्या वर्षश्राद्धाऐवजी, असं ती स्वतःलाच म्हणाली, तिने पुस्तक शाळेत नेलं. जेवणाच्या सुट्टीत कार्यालय रिकामं असे. रोज थोडी थोडी करत तिने सगळी पानं शाळेच्या यंत्रावर उतरवली. निघताना बाई बजावत, "कणा मोडू नकोस हं." मास्तरांचं अक्षर असलेलं पान तिने वगळलं, ते घरातलं होतं. बाकी सगळं जसंच्या तसं आलं. जुन्या विद्यार्थ्यांच्या एका ग्रुपवर तिने ती पीडीएफ नाव न घालता टाकली.

पुढे काही करावं लागलं नाही. ती फाइल या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेली. कुणी तिच्या प्रत्येक पानावर आपल्या चॅनेलचं नाव आडवं छापलं, कुणी प्रकरणं वेगळी केली, कुणी महत्त्वाच्या पानांचे फोटो काढून नुसते फोटो फिरवले. शेजारणीचा एसी बघायला आलेला अनोळखी कारागीर स्टुलावर चढून मोबाइलवर एक पान मोठं करून बघत होता. बाई चहा घेऊन गेल्या होत्या. "काय बघताय?" त्यांनी विचारलं. "आमच्या धंद्यातली पोथी आहे, आजी. बर्फमास्तर म्हणून कुणी होते." बाईंनी त्याच्या हातात चहा दिला. घरी आल्यावर लेकीला म्हणाल्या, "तुझे बाबा आता स्टुलावर चढायला लागले." लेकही खूप दिवसांनी हसली.

बातमी आणली ती मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने. त्याचं दुरुस्तीचं मोठं वर्कशॉप होतं. त्याच्याकडे कामाला असलेल्या एका माणसाच्या हाताखाली कॉम्प्रेसर फुटला होता. हा माणूस आधी सूतगिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर उतारवयात हे काम शिकला, म्हणून त्याला सगळे सूतवाला म्हणत. उजवा हात कोपरापासून गेला, एका कानाने ऐकू येत नाही, चेहरा भाजला.

"नायट्रोजन संपला होता, काकू. वेल्डिंगचा ऑक्सिजन गाडीत होता. त्याने तो लावला. मी त्याला दवाखान्यात विचारलं, अरे, असं कुणी करतं का? तर म्हणतो, मास्तरांच्या पुस्तकात आहे. मी म्हटलं, मास्तरांच्या पुस्तकात? शक्य नाही. माझी प्रत काढून बघितली, बरोबर आहे. मग त्याच्या मोबाइलवर बघितलं."

त्याने पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढलं, ते पान उघडलं, आणि शेजारी मोबाइल ठेवला. पुस्तकातली चिठ्ठी पिवळी पडून कडेला वर आली होती. मोबाइलवर चिठ्ठी नव्हती. पांढऱ्या मानेच्या सिलिंडरखाली स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, 'गळती तपासायला हाच.'

"कुठल्या हरामखोराने हे बदललं कळत नाही," तो म्हणाला. "मास्तर असते तर उभा फाडला असता."

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडला आणि तसाच वाहू दिला. कुणी काही बदललेलं नव्हतं. बाजारात गेलेली प्रत्येक प्रत मास्तरांच्या अंगठ्याखालून गेली होती. फुकट वाटली गेली ती बाईंची होती.

लेक कार्यालयातून आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती पर्स खांद्यालाच ठेवून बसली.

"बरोबर पान सगळ्यांना पाठवू," बाई म्हणाल्या. "पूर्ण पुस्तकच नीट करून पाठव. आजच."

"कुणाच्या नावाने? नाव नसेल तर कोण विश्वास ठेवेल? आधीच एक खोटं, एक खरं, कुणाला काय कळणार? आणि नाव घातलं तर पहिलं कुणी टाकलं हा पुढचाच प्रश्न. शाळेचं यंत्र वापरलंय मी, आई. नोकरी जाईल."

"चुकीचं पुस्तक वाटलं तेव्हा गुन्हा नव्हता, आता बरोबर पुस्तक वाटायचं तर गुन्हा?"

"तेव्हाही होता. तुला सांगितलं होतं मी."

बाईंनी तिच्या खांद्यावरची पर्स काढून खुंटीला लावली. मग लेक म्हणाली, "थोडं थांब. कदाचित बाकीच्यांना माहीत असेल. सगळेच काही चित्र बघून करत नाहीत."

"तुझे बाबा काय म्हणायचे?"

कारागीर आधी चित्र बघतो, हे तिनेही चिठ्ठ्या चिकटवताना ऐकलेलं होतं.

प्रकाशकाला पुस्तक पुन्हा छापायला लावता आलं तर बरं, म्हणून बाई एकट्याच त्याच्याकडे गेल्या. दुकानाच्या पुढच्या भागात आता वह्या आणि परीक्षांची गाइडं होती. तो मागे एका टेबलाशी बसला होता. वयाने वाकलेला, पण बोलायला नीट. त्याने त्यांना खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि मधे एकदाही आवाज चढवला नाही.

"छापून विकायचं कुणाला, बाई? सगळ्यांच्या खिशात आहे की."

"सुधारलेलं एक पान तरी तुमच्या नावाने जाहीर करा. तुमचं नाव बघून लोक मानतील."

"चोरलेल्या प्रतीची चूक मी सुधारू? म्हणजे ती प्रत मी मान्य केली असं होईल. मी तक्रार करीन. कुणी केलं ते तुम्ही लिहून द्या, जिथे जिथे सापडेल तिथून काढायला लावतो."

"तोपर्यंत कुणी मेलं तर?"

त्याने चष्मा काढला. "तुम्ही मला वाईट समजत असाल. मास्तरांनी सांगितलं म्हणून मी गठ्ठेच्या गठ्ठे तुमच्या घरी पाठवले, उशीर सोसला. आमच्या प्रतीने कुणाचा हात गेला नाही."

हे तो रागाने म्हणाला असता तर बाईंना भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या सूतवाल्याकडे गेल्या. जिन्यावर अंधार, दारात चपलांचा ढीग, आत एकच मोठी खोली. तो भिंतीला टेकून बसला होता. अर्ध्या चेहऱ्याची कातडी नवी, गुलाबी. बाई मास्तरांच्या घरून आल्या म्हटल्यावर तो उठायला लागला, तर बायकोने खांदा धरून त्याला खाली बसवलं.

"डाव्या बाजूने बोला," ती म्हणाली. "उजवा कान सुट्टीवर गेलाय."

"हिला सगळ्याची थट्टा सुचते," तो म्हणाला. "मास्तरीणबाई, मास्तरांना बोल लावू नका हां. चूक माझीच. आमचे साहेब म्हणतात पुस्तकात कुणीतरी गडबड केलीय. मला तर वाटलं, मास्तरांच्या पुस्तकात आहे म्हणजे दुसऱ्या कुणाला विचारायचंही कारण नाही. ज्याने कुणी ते फुकट टाकलं ना, त्याचं भलं होवो. मला कुठलं विकत घेता आलं असतं? गिरणी बंद पडल्यावर त्या पुस्तकाने माझं घर चालवलं."

"ते मी टाकलं," बाई म्हणाल्या.

त्याला ऐकू आलं की नाही ते कळलं नाही. बायकोला आलं. बाईंनी मग सगळं सांगितलं: चिठ्ठ्या, खळ, आपली एक प्रत, आपलाच हट्ट. लेकीचं नाव तेवढं घेतलं नाही. बोलून झालं तेव्हा सूतवाला उरलेल्या हाताने चादरीची सुरकुती नीट करत होता.

"मग मास्तरांची चूक नव्हती," तो म्हणाला. एवढंच. त्याला तेवढंच हवं होतं की काय, असा त्याचा स्वर होता.

बायको बाईंबरोबर जिन्यापर्यंत आली. "माफी मागायला आलात?"

"हो."

"त्यांनी केलं माफ, त्यांचा स्वभाव तसाच आहे. मी नाही करणार. रोज सकाळी मी त्यांच्या शर्टाची बटणं लावते आणि ते दुसरीकडे बघतात." ती कठड्याला टेकली. "तुम्हाला काही करायचंच असेल तर ते पान बंद करा. माझा धाकटा दीर याच कामात आहे. त्याच्याही मोबाइलमध्ये तेच आहे. मी सांगितलं तर म्हणतो, वहिनी, मास्तरांपेक्षा तुला जास्त कळतं का?"

घरी आल्यावर बाई लेकीला म्हणाल्या, "मोबाइल धर माझ्यासमोर."

लेकीने एकदाच विचारलं, "नक्की?" आणि मग मोबाइल धरला. बाईंनी वर्कशॉपवाल्याने त्या दिवशी मागे ठेवलेली प्रत उघडून पुढे केली, नाव सांगितलं, मास्तरांची बायको असं सांगितलं, आणि सरळ बोलत गेल्या. तुमच्या मोबाइलमध्ये जे पुस्तक आहे ते माझ्या घरातून गेलंय. मला अधिकार नव्हता, तरी मी दिलं. त्या प्रतीत या पानावर चूक आहे. एका माणसाचा हात गेलाय. काळ्या मानेचाच सिलिंडर. पांढऱ्या मानेच्या सिलिंडरला हात लावायचा नाही. आवाज एकदाच कापला, तो पुन्हा घ्यावा असं लेक म्हणाली, पण बाई नको म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेत कुणी विचारायच्या आधी, लेकीने मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं. त्यांनी तिला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. मागोमाग प्रकाशकाच्या वकिलाची नोटीस आली, की यापुढे या पुस्तकाचं एकही पान कुठल्याही स्वरूपात प्रसिद्ध करू नये. पूर्ण पुस्तक नीट करून वाटायचा विचार तिथेच थांबला. आता ते केलं असतं तर लेकीची नोकरी परत येण्याची आशाही उरली नसती, आणि बाईंनी यावेळी तिला तसं काही सुचवलंच नाही.

दोघींनी एकमेकींना दोष दिला असता तर बरं झालं असतं. त्याऐवजी लेक दिवसभर भांडी पुन्हा पुन्हा घासे आणि बाई कपडे वाळले की लगेच घड्या घालून टाकत.

व्हिडिओ फिरला, पण पुस्तकासारखा नाही. जुने विद्यार्थी होते त्यांच्यापर्यंत गेला आणि त्यांना तर आधीच माहीत होतं. लेक रोज व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं बाईंना वाचून दाखवायची. आजी, तब्येतीला जपा. मास्तरांना नमस्कार. या वयात एवढी हिंमत. एकाने लिहिलं होतं, म्हातारीला पुढे करून प्रकाशकच आपलं पुस्तक विकतोय. त्या वाक्यावर अंगठे जास्त होते.

"पुढचं वाच," बाई म्हणाल्या.

"एक जण विचारतोय, पूर्ण पुस्तकाची लिंक कुणाकडे आहे का."

"मग?"

"दिलीय कुणीतरी." लेकीने लिंक उघडली, पानं सरकवत गेली आणि थांबली. आडव्या छापलेल्या चॅनेलच्या नावाखालून पांढऱ्या मानेचा सिलिंडर दिसत होता. तिने मोबाइल आईकडे वळवला नाही. "तीच आहे. आपलीच."

"लिही तिथे. ही घेऊ नका म्हणावं. माझं नाव घालून लिही."

लेकीची बोटं भराभर चालत होती. ती लिहीपर्यंत लिंकच्या खाली आणखी दोघांनी धन्यवाद म्हटलं होतं.